आर्किटेक्चर कॉलेजांच्या प्राचार्यांना खुलं पत्र: पोरं पाठवा, पण हरकतींच्या वेळेला पाठवा

महाराष्ट्रातल्या सगळ्या आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग कॉलेजांचे प्राचार्य, आणि स्टुडिओ घेणाऱ्या सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची पोरं आमच्यासारख्या छोट्या गावांत येतात ते चांगलंच आहे, अजून यावीत. पण ती कधी येतात आणि जाताना मागे काय ठेवून जातात, या दोन गोष्टींवर जरा बोलायचंय. मी आर्किटेक्ट नाही. नगरपरिषदेच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मोठ्या नकाशांच्या प्रिंटही काढतो, त्यामुळे गावाचं जे काही कागदावर येतं ते आधी माझ्या काचेवर उलटं पडतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एक तर उद्या मला त्याच समोरच्या ऑफिसात जायचंय, आणि तसंही हे राज्यातल्या कुठल्याही क वर्ग, म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातल्या, नगरपरिषदेला लागू पडेल. नदीकाठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

तर दिवाळी झाली, थंडी पडली की बस येते. पोरांच्या गळ्यात कॅमेरे, हातात टेप, हल्ली ते लेझरचं मोजायचं यंत्रपण असतं. दोन जुने वाडे, घाट, देऊळ, झालंच तर वेस. तुळईची जाडी, कोनाड्याची खोली, जिन्याची एकेक पायरी मोजतात, आणि चित्रं अशी काढतात की ज्याचा वाडा आहे तो स्वतःच बघत बसतो, आपलं घर एवढं देखणं आहे हे त्याला तेव्हा कळतं. मग ते सगळं कॉलेजात जातं, सबमिशन होतं, ज्युरी होते, म्हणजे परीक्षक बसून ते तपासतात, कधी त्या नासाच्या (अवकाशवाली नव्हे, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना) डॉक्युमेंटेशनच्या स्पर्धेला जातं, लुई कान ट्रॉफी म्हणतात ती. गावात एक प्रत राहत नाही. मागे त्यातल्याच एका वाड्याची मागची भिंत बसली. मालक माझ्याकडे आले, म्हणाले त्या पोरांनी तुझ्याकडेच प्रिंटा मारल्या होत्या ना, बघ जरा मापं मिळतात का, गवंडी विचारतोय. मारल्या होत्या, पण फाइल पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह पोराच्या खिशात. कॉलेजला फोन लावला तर ती बॅच केव्हाच पास होऊन गेलेली. शेवटी गवंड्याने अंदाजाने विटांची भिंत उभी केली आणि प्लास्टर मारलं, संपला विषय.

दुसरा प्रकार थिसिसवाल्यांचा. एकटा-दुकटा पोरगा किंवा पोरगी येते, चार दिवस फिरते आणि नदीवर रिव्हरफ्रंट काढून जाते. मी त्याच्या प्रिंटा काढलेल्या आहेत म्हणून सांगतो, त्यात घाटावर कॉफी पिणारी माणसं असतात, गोरीगोमटी, एकाच्याही डोक्यावर टोपी नाही की हातात धुण्याची बादली नाही, आणि जिथे बाक टाकलेत तिथे दर दोन-चार वर्षांनी माणूस बुडेल एवढं पाणी असतं. पोरांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही की हे कोणाला विचारायचं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या गावाला तुमच्या पोरांचं डिझाइन नकोय, निदान आत्ता तरी नको. आम्हाला त्यांचं मोजमाप हवंय, आणि ते ज्या वेळी उपयोगी पडतं नेमकं त्या वेळी हवंय.

ती वेळ म्हणजे डीपी, विकास योजना, गावात पुढे कुठे रस्ता, कुठे घरं, कुठे बाग हे ठरवणारा आराखडा. तुम्हाला कायदा सांगायची गरज नाही पण बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, त्याप्रमाणे गावाचा डीपी होतो आणि २० वर्षांतून एकदा तो सुधारायचा असतो. आधी गावात आज कुठे काय आहे याचा नकाशा करतात, विद्यमान जमीन वापर नकाशा. त्यावरून प्रारूप आराखडा तयार होतो, तो राजपत्रात जाहीर होतो, आणि मग लोकांना हरकती-सूचना द्यायला मिळतात फक्त ३० दिवस. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते, मग शासन मंजुरी देतं, आणि एकदा मंजूर झाला की पुढची वीस वर्षं त्या कागदावरची रेघ म्हणजे रेघ. म्हणजे एका पिढीला गावाच्या भविष्याबद्दल अधिकृत बोलायला महिनाभर मिळतो. त्यातले आठ-दहा दिवस तर बातमी गावभर पोचण्यातच जातात.

त्या महिन्यात माझ्या दुकानात काय चालतं ते तुम्ही एकदा येऊन बघाच. ऑफिसात नकाशा भिंतीवर लावलेला असतो, रंगीत, मोठा, पण तिथे गर्दी आणि साहेब बघत असतात म्हणून लोक मोबाइलवर फोटो काढून माझ्याकडे येतात. म्हणतात ए-थ्रीवर काढ, काळा-पांढरा काढ, रंगीत महाग पडतं. आता काळ्या-पांढऱ्यात निवासी विभागाचा पिवळा आणि शेतीचा हिरवा, दोन्ही सारखेच राखाडी! गट नंबर मुंगीएवढा, कुठला रंग कशाचा ती सूची इंग्रजीत. एक आजोबा शेतातल्या विहिरीवरून आपला गट शोधत होते, पण नकाशात विहीरच दाखवलेली नाही. तासभर शोधून शेवटी म्हणाले, "जाऊ दे, देऊन टाकू हरकत, काहीतरी असेलच." आणि खरंच, निम्म्या हरकती अशाच जातात. एकाने टाइप केलेला मसुदा दहा जण नाव बदलून देतात, त्याचेही झेरॉक्स मीच काढतो. सुनावणीत साहेब विचारतात तुमचं नेमकं म्हणणं काय, माणूस म्हणतो आमच्यावर अन्याय झालाय. यावर कोण काय निर्णय देणार?

या महिन्यात तुमची वीस पोरं जर गावात असती ना! प्रत्येक प्रभागात एक टेबल, मोठा रंगीत नकाशा, सूची मराठीत, आणि ज्याला आपला प्लॉट सापडत नाही त्याला तो बोट ठेवून दाखवणं, तुमच्या जागेवर हा रस्ता बारा मीटरचा दाखवलाय आणि आज तो सहा मीटर आहे म्हणून तुमच्या ओसरीतून रेघ जाते, एवढं सांगणं. हरकत द्यायची का नाही ते त्याचं तो ठरवेल. पण देईल ती नकाशा लावून, मापासकट देईल.

आणि आराखडा यायच्या आधी आले तर त्याहून बरं, कारण सगळी मेख त्या आधीच्या नकाशात आहे. नगररचनाचे लोक वाईट नसतात हो, पण जिल्ह्याच्या ऑफिसात माणसं मोजकी आणि गावं ढीगभर. सर्व्हे करणारा येतो तो एखाद्या बुधवारी येतो. आमचा बाजार सोमवारी. सोमवारी एसटी स्टँडपासून वेशीपर्यंतचा सगळा रस्ता बाजार असतो, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका भाजी घेऊन येतात, बैलांच्या झुली, पत्र्याचे डबे, सुकट, सगळं त्या रस्त्यावर. नकाशात तो रस्ता आहे, फक्त रस्ता. त्यामुळे नव्या आराखड्यात तो रुंद करून मधे दुभाजक, आणि बाजाराला जागा कुठे तर गावाबाहेर, जिथे एसटी जात नाही. कोणी मुद्दाम केलं नाही, नकाशात वारच नसतो त्याला कोण काय करणार. तुमची दोन पोरं आणि दोन पोरी एका सोमवारी सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत त्या रस्त्यावर बसली, कोण कुठे बसतं, किती फूट जागा लागते, टेम्पो कुठे उभे राहतात, पाणी कुठून आणतात, बायकांना संडासला कुठे जावं लागतं हे सगळं मापाने काढलं, तर तेवढी एक शीट पन्नास भाषणांना भारी आहे.

तसंच ओढ्याचं. गावातून एक ओढा नदीला जातो, म्हणजे जायचा. मधे त्याच्यावर स्लॅब टाकून गाळे काढले, पुढे तो एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगखालून जातो, त्याच्या पुढे पाइप आहे का गटार हे कोणालाच नक्की माहीत नाही. कागदावर काही ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी गायब. पाऊस मोठा झाला की मात्र तो स्वतः दाखवतो आपण कुठून जातो ते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यानंतर सगळीकडे निळी रेषा लाल रेषा सुरू झालं. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. रेषा पाहिजेतच, पण त्या नदीच्या असतात, ओढ्याला कोण विचारतो. आमच्याकडे जुन्या लोकांच्या घरात भिंतीवर खुणा आहेत, अमुक सालचं पाणी इथपर्यंत, कोणी खिळा मारलाय, कोणी गेरूने रेघ ओढलीय. घरमालक गेला, घर पाडलं की ती खूण गेली. पोरांनी घरोघर जाऊन या खुणांची उंची लेव्हल लावून घेतली आणि एका नकाशावर टाकली, तर असा नकाशा आज कुठल्याच ऑफिसात नाही. गावाला पुढची वीस वर्षं वाचवणारं काम आहे हे, आणि तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना जमण्यासारखं आहे.

अजून एक काम सांगतो, कंटाळवाणं आहे पण सगळ्यात मोलाचं. मागच्या डीपीत जी आरक्षणं होती, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा, बाग, क्रीडांगण, शाळा, भाजी मंडई, दवाखाना, त्यातली किती प्रत्यक्षात आली याचा हिशोब. जागेवर जायचं, फोटो काढायचा, आज तिथे काय आहे ते लिहायचं. का, तर त्याच १९६६ च्या कायद्याचं कलम १२७. आरक्षण पडून १० वर्षं झाली आणि नगरपरिषदेने जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, मग २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. क वर्ग नगरपरिषदेकडे संपादनाला पैसे असतात का? बाजारभावाने भरपाई द्यायची तर वर्षाचं सगळं बजेट एका बागेत जाईल. म्हणून आरक्षण पडतं, मालक वर्षानुवर्षं अडकून राहतो, विकता येत नाही बांधता येत नाही, आणि शेवटी पोरांना मैदानही मिळत नाही. दोघांचंही नुकसान. तरी नव्या डीपीत परत तेवढीच आरक्षणं टाकायची, कारण लोकसंख्येला एवढी जागा पाहिजे असं प्रमाण आहे. हा हिशोब एका तक्त्यात गावासमोर आला ना, तर लोकच म्हणतील की दहा बागा कागदावर नको, जी गायरानाची जागा आहे तिथे एकच करा पण करा.

आता तुमच्यातले काही म्हणतील की हे तर सर्व्हेयरचं काम झालं, यात डिझाइन कुठे आहे, पोरं काय शिकणार. सर, पॅट्रिक गेडिस तुम्हीच शिकवता ना, औषधाच्या आधी निदान म्हणणारा नगररचनाकार? १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला तोच. त्याने होळकरांच्या इंदूरचा अहवाल १९१८ ला दिला, त्याआधी गल्ल्या पायी तुडवल्या. प्लेगचे दिवस होते, तर त्याने दिवाळीची मिरवणूक काढली, आणि मिरवणूक कुठून जाणार तर ज्या मोहल्ल्यात घरं-अंगणं सगळ्यात स्वच्छ त्या मोहल्ल्यातून! लोकांनी आपणहून गल्ल्या झाडल्या. माणसाला गाव असं कळलेलं असेल तर रेघ कमी ओढावी लागते.

उलटंही पाहिलंय महाराष्ट्राने. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घाई होती, लोक उघड्यावर होते, कोणाला दोष द्यायचा नाही. पण सरळ रेषेतले रुंद रस्ते, ओळीने घरं, जमिनीच्या हिशोबाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. जुन्या गावात ज्या गल्लीत बाया दुपारी निवडत-टिपत बसायच्या, जिथे जनावर बांधायचं, पेंढी रचायची, ते नकाशात कुठेच नव्हतं म्हणून नव्या गावातही आलं नाही. तेव्हा आधीच्या गावाचं कोणी असं बारीक मोजमाप करून ठेवलेलं असतं तर?

परदेशातलं एक उदाहरण देतो, तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेत अलाबामात ऑबर्न युनिव्हर्सिटीचा रुरल स्टुडिओ, १९९३ पासून, सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी सुरू केलेला. न्यूबर्न नावाचं गाव, वस्ती दोनशेच्या आत, आणि तिथे पोरांनी अग्निशमन केंद्र बांधलं, टाउन हॉल बांधला, जुन्या बँकेच्या इमारतीत लायब्ररी केली. लोक त्यांच्या इमारतींचे फोटो दाखवतात, मला त्यातलं इमारतीपेक्षा एवढंच आवडतं की ते तिथे राहायला गेले आणि राहिलेच, एक बॅच गेली की दुसरी येते, आधीच्यांनी बांधलेलं गळतंय का हे नव्यांना रोज दिसतं. आमच्याकडे प्रत्येक बॅच नवीन गाव शोधते, कारण जुन्या गावावर "ऑलरेडी झालंय". काय झालंय?

आपल्याकडे असं जमणार नाही म्हणू नका. २०१६ मध्ये राज्य शासनाने आयआयटी मुंबईला बरोबर घेऊन उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यात इंजिनिअरिंगची पोरं जिल्हा प्रशासनाच्या खऱ्या प्रश्नांवर काम करणार, अशी व्यवस्था कागदावर केली. मग आर्किटेक्चर कॉलेज आणि नगरपरिषद अशी जोडी का नको? एक कॉलेज, दोन गावं, दहा वर्षं. शिवाय वेळ बरी आहे. २०२२ पासून बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासकच होते, आता डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगराध्यक्ष आणि नगरसेवक आलेत, नवीन आहेत, अजून लोकांचे फोन उचलतात.

धोकेपण सांगतो, नाहीतर म्हणाल झेरॉक्सवाला नुसतं गोडगोड लिहितो.

गावात टेप दिसला की लोक घाबरतात. मागे पोरं एका गल्लीत मोजत होती तर अर्ध्या तासात बातमी की रस्तारुंदीकरण आलं, आणि एका बाईंनी तर दारच लावून घेतलं, कारण त्यांच्या पायऱ्या दोन फूट पुढे आहेत. त्यांचं काय चुकलं? मोजायला सरकारी माणूस येतो तेव्हा मागून नोटीसच येते हा अनुभव आहे. म्हणून आदल्या दिवशी प्रभागात बैठक, कोण आलंय कशाला आलंय ते सांगा, आणि कोणाचं अतिक्रमण किती अशी यादी पोरांनी चुकूनही करायची नाही. तो त्यांचा विषय नाही.

दुसरं, प्लॉटिंगवाले. रिंगरोड कुठून जाणार, पिवळा कुठे होणार, ही माहिती म्हणजे सोनं. पोरांना जेवायला नेतील, गाडी देतील, गोड बोलून विचारतील. उपाय एकच, जे काढलं ते सगळ्यांना एकाच दिवशी, चौकात लावून. आधी नगराध्यक्षांना नाही, आधी आमदारांना नाही, आधी मलाही नाही.

तिसरं, नगरपरिषदेला सवय लागेल की पोरं फुकटात करतायत तर कन्सल्टंट कशाला. तिथे तुम्ही ठाम राहायचं. कायद्याचा आराखडा नगररचना अधिकाऱ्यानेच करायचा, जबाबदारी त्याची, सही त्याची. पोरांचं काम त्याच्या टेबलावरचा एक कागद आणि लोकांच्या हातातला एक कागद, इतकंच. आणि पोरांच्या जेवणाचा, राहण्याचा, प्रवासाचा खर्च नगरपरिषदेने ठराव करून द्यावा, उपकार म्हणून नको.

आणि हो, फक्त वाडे मोजू नका. ओढ्यापलीकडची वस्ती, स्मशानाजवळची घरं, स्टँडमागची पालं, तिथेही जा. वाड्यांना पुस्तकं आहेत. त्या वस्त्यांना सिटी सर्व्हे नंबरसुद्धा नाही, तिथल्या माणसाने हरकत द्यायची तर कुठल्या नंबरवर देणार?

करायचं काय ते सोपं आहे. जूनमध्ये तुमचं वेळापत्रक ठरतं, त्याआधी नगररचनाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र लिहून विचारा की कुठल्या गावांच्या डीपीचं काम सुरू आहे, कोणाचं प्रारूप येणार आहे. सरकारी तारीख पुढे-मागे होणार हे धरूनच चाला. मग त्यातलं गाव निवडा. नगरपरिषदेशी लेखी करार करा, त्यात एवढं एक वाक्य घाला की सगळ्या नकाशांची, मापांची, फोटोंची एक छापील प्रत सार्वजनिक वाचनालयात आणि एक नगरपरिषदेत राहील, फाइलींसकट, आणि सगळं मराठीत. ज्युरीला आमच्यातले दोन जण बोलवा, भाजीवाल्या मावशी आल्या तरी चालतील, त्या जे विचारतील ते तुमच्या बाहेरच्या ज्युररला सुचायचं नाही.

प्रिंटा माझ्याकडे काढा, कागदाचे पैसे घेईन, शाई माझी.

आणि थंडीत नको, ऑगस्टात या. चिखल होईल, छत्र्या उलटतील, टेप ओला होईल, पण ओढा त्याच वेळी दिसतो. राहायला मंगल कार्यालयाचा हॉल मिळेल, तेव्हा लग्नं नसतात, मी मालकांशी बोलून ठेवलंय. तुळशीच्या लग्नानंतर मात्र विचारू नका, एक तारीख मोकळी नसते.

कळावे,
आपला,
नगरपरिषदेसमोरचा झेरॉक्सवाला